तोंडात न मावणारी भाडेकरू

गोंदियात मला खोली मिळाली ती नोकरीमुळे नाही, आणि चारित्र्यामुळे तर मुळीच नाही. ती मिळाली कारण मी घरमालकाला पहिल्याच भेटीत उलट बोलले.

शाळेत गणित शिकवायला मी नवीनच रुजू झाले होते. कुणीतरी सांगितलं, बालाघाट रस्त्याकडे, शहराच्या टोकाला एका घराची वरची खोली रिकामी आहे. गेले. हॉलमध्ये चार फूट लांबीची काचेची टाकी, आणि तिच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बनियन-लुंगीतले एक उंच हडकुळे गृहस्थ. हातात भिंग. माझ्याकडे मान न वळवता म्हणाले, "उभ्या नोका राहू. सावली पडून राहिली त्याईच्यावर."

मी बसले. नाव नाही, गाव नाही, जात नाही, पगार नाही. पहिला प्रश्न आला तो असा: "मॅडम, तुम्ही वर राहनाऱ्या, मधातल्या, का तळाशी बसनाऱ्या?"

"खोली वरची आहे असं ऐकलं होतं."

"खोली वरचीच हाय. मी तुमचा स्वभाव इचारून राहिलो. सारा दिवस एका कोपऱ्यात बसता का इकडून तिकडं फिरता?"

"शाळेतून आल्यावर कोपऱ्यात बसते. बंदी आहे का?"

"फाटक आठले बंद होते."

"मग आठनंतर मी फाटकावरून चढून येत जाईन."

आता मात्र ते वळले. भिंग डोळ्याला लावून त्यांनी मला नीट पाहिलं आणि आतल्या दिशेने हाक मारली, "अवो, ऐकलं का! भेटली!"

मी खुशीत घरी गेले. वाटलं, स्पष्टवक्तेपणाची कदर करणारा माणूस दिसतो. स्वतःबद्दल माणूस किती पटकन चांगला समज करून घेतो, नाही?

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही म्हणू लागले. पाटबंधारे खात्यात त्यांची सगळी हयात कालव्याच्या काठाने सायकल दामटण्यात गेली होती. घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. सौंदडकडे त्यांच्या आज्याने बांधलेली बोडी, म्हणजे लहानसं तळं, अजून भाताला पाणी देते. म्हणून हॉलमधल्या टाकीलाही ते बोडीच म्हणत. "आज्यानं मातीची बांधली, मी काचेची बांधली. त्यानं धानासाठी, मी पोरासोरांसाठी."

पोरंसोरं म्हणजे माशांची. बोडीत सिक्लिड जातीची एक जोडी होती, अंगावर काळे पट्टे. नराला ते बुवा म्हणत आणि मादीला बाई. बाईच्या पोटावर नारिंगी झाक होती. या माशांची गंमत अशी की अंडी घालून ते निघून जात नाहीत. आईबाप दोघंही पिल्लांवर पहारा देतात आणि त्या पायी साऱ्या टाकीशी वैर घेतात. काकाजींना या गोष्टीचं अतोनात कौतुक. एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या मुलीच्या दहावीच्या निकालाचंही केलं नव्हतं, असं काकू म्हणायच्या.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. बुटक्या, ठसठशीत, आवाज असा की रेल्वेने भाड्याने घ्यावा. त्यांचा आणि बोडीचा छत्तीसचा आकडा. कारण साधं होतं. हॉलमधली खिडकीजवळची उजेडाची जागा बोडीने बळकावली होती, आणि काकूंचं शिलाई मशीन मागच्या अंधाऱ्या खोलीत धूळ खात होतं. सुईत दोरा ओवायलाही त्यांना अंगणात यावं लागे. शिवाय इतकं करून बोडीत एक पिल्लू म्हणून मोठं होत नव्हतं. अंडी होत, पिल्लं फुटत, आणि काही ना काही होऊन नाहीशी होत. मी राहायला गेले त्याच महिन्यात काकूंनी माझ्यासमोर निकाल सुनावला.

"यंदा पिल्लं जगली तं ठीक. नाही तं बोडी भंगारात, अन् माही मशीन खिडकीपाशी. ही पोरगी साक्षीदार."

"मंजूर," काकाजी म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला, तो मी पाहिला.

तेव्हापासून बोडीत कोणाला सोबती म्हणून ठेवायचं हा त्या घरात मुलीचं स्थळ पाहण्याइतका गंभीर विषय झाला. काकाजींचे नियम ठरलेले होते. सोबती जोडप्यासारखा दिसणारा नको, नाहीतर बाईला सवत आल्यासारखं वाटतं. तळाशी राहणारा नको, कारण अंडी तळाशी. पंख कुरतडणारा नको. आणि मुख्य नियम: "तोंडात मावते तो सोबती नाही, नाश्ता होय."

एकदा मला ते बाजारातल्या माशांच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदार हिंदीत पिच्छा पुरवत होता, "अंकल, एक सकर मछली डालो. काच एकदम साफ रखेगा."

"काच साफ राहीन, अन् वंशबी साफ होईन," काकाजी म्हणाले. "मागच्या टायमाले तूच देल्ला होता. बुवा-बाई झोपली का हा अंडी चाटत बसे. उदबत्तीचं घर समजून उंदीर पाळावा तसं झालं."

ही उदबत्तीची म्हण मी त्यांच्याआधी आणि त्यांच्यानंतर कुणाकडूनच ऐकली नाही. त्यांच्या बऱ्याच म्हणी अशा होत्या, बहुधा त्याच क्षणी जन्मलेल्या.

शेवटी दुकानातलं काहीच त्यांच्या पसंतीस उतरलं नाही. ते सौंदडला गेले आणि आज्याच्या बोडीतून बोटाएवढ्या लांबीची चंदेरी मासळी, सहा-सात नग, डब्यात घालून घेऊन आले. पाण्याच्या वरच्या थरात भिरभिरणारी, विजेसारखी चपळ. बुवा धावून गेला की ती पसार, आणि त्याची पाठ वळली की पुन्हा हजर. काकाजी एवढे खूश झाले की त्यांनी काकूंना बोलावून दाखवली. काकूंनी नीट पाहिली आणि विचारलं, "रश्श्याले पुरतीन का?"

आमच्या भागात बोडीतल्या मासळीला जागा दोनच, पाणी नाहीतर पातेलं. तिसरी जागा काकाजींनी काढली, हे काकूंना कधी पटलं नाही.

माणसांकडेही काकाजी त्याच भिंगातून पाहत. लग्नात गेले की जेवणाआधी ते नवरा-नवरीच्या आसपासच्या मंडळींची पाहणी करत. एकदा नागऱ्याला एका लग्नात त्यांनी वरमाईलाच विचारलं, "घरात एखादी खाष्ट नणंद हाय का?" वरमाई रागाने लाल. कुणीतरी सांगितलं, आहे, चांगली आहे. काकाजींनी समाधानाने मान हलवली. "मंग टिकते."

परत येताना मी विचारलं, हे काय? त्यांनी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. काही सांगायचं असलं की ते गाडी थांबवत, कारण चालवताना बोललं की दोन्ही हात सुटत.

"माही पयली जोडी होती," ते म्हणाले. "लय जीव होता. म्हनलं, या दोघाईले त्रास नोको. सारी बोडी खाली केली. एक बी दुसरा मासा नाही ठेवला. मस्त एकांत देल्ला." त्यांनी हँडल सोडलं. "बुवानं बाईले कोपऱ्यात दाबून दाबून मारलं. दुस्मन नाही ना दुसरा कोनी. मंग बायकोच दुस्मन. जोडी टिकवाची हाय ना मॅडम, तं दोघाईले मिळून भांडाले एक तिसरं पाह्यजे. चपळ पाह्यजे, पळून जाले जागा पाह्यजे, अन् तोंडात नाही मावली पाह्यजे."

त्या पहिल्या बाईचं ऐकून मला वाईट वाटलं. त्यात एवढी गुंगले की पुढचं वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो दिवाळीनंतर. तोवर त्या घरात माझे नाकी नऊ आले होते. चपला जिन्यात का? टॉवेल कठड्यावर का? फाटकाची कडी एवढी जोरात का? बादली उलटी का, आणि दुसऱ्या दिवशी, सुलटी का? काकाजी सुरू करत आणि काकू उचलून धरत, कधी काकू सुरू करत आणि काकाजी शेपूट जोडत. दोघांचा सूर असा जुळायचा की भजनी मंडळाने शिकावं. मीही काही मूग गिळून बसणारी नव्हते. जिन्यात उभी राहून तीन शब्दांना तेरा शब्द ऐकवायची आणि धाडकन वर निघून जायची. खाली दोघं मग चहा पीत माझ्या वळणाचा उद्धार करत बसायची. तासन्‌तास, मजेत, एकमेकांना साखर लागली का विचारत.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. आठवडा झाला नाही तोच काकूंचा फोन. "कवा येतं?"

"का? काय झालं?"

"काही नाही. टॉवेल तसाच हाय तुहा कठड्यावर."

मी परतले तेव्हा घरात रणकंदन माजलेलं. काकू फक्त स्वतःपुरता भात लावत होत्या. काकाजी टाकीसमोर बसून चहात टोस्ट बुडवत होते. दोघांत विस्तव जात नव्हता. मी बॅग ठेवली, चपला मुद्दाम जिन्यात काढल्या आणि वर गेले. पाचच मिनिटांत खालून दोघांचा एकत्र आवाज आला, "मॅडम, चपला!" त्या दिवशी स्वयंपाकघरातून दोन ताटांचा आवाज आला.

मी तडक खाली उतरले. "काकाजी, मला खोली का दिलीत? खरं सांगा."

ते यत्किंचितही ओशाळले नाहीत. "आता समजलं का? गनित शिकवता ना तुम्ही?" मग बोटांवर मोजत म्हणाले, "वरच्या थरातल्या. चपळ. उलट बोलनाऱ्या. अन् आमच्या दोघाईच्या बी तोंडात न मावनाऱ्या. पयले एक नर्सबाई होती. लय गरीब. काही बोलो तं रडे. दोन महिन्यांत खोली सोडून गेली. अशी नाही चालत." त्यांनी आवाज खाली आणला. "मी खात्यात होतो तवा कालव्यावर, अन् ही घरात. भांडाले टाइमच नाही भेटला. आता पोरगी लग्न होऊन गेली, मी रिटायर. दोघं एका बोडीत. काय करू?"

मला राग यायला हवा होता. आलाही, थोडा. पण मी खोली सोडली नाही, कारण गोंदियात मला तेव्हा दुसरं कुणी रोज एवढं मन लावून रागवत नव्हतं. एकटीने राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट कळेल.

थंडी ओसरली आणि बोडीत आडव्या ठेवलेल्या कुंडीत बाईने अंडी घातली. काही दिवसांनी पिल्लं पोहायला लागली. जिऱ्याएवढी, म्हणून त्यांना जिरेच म्हणतात. ढगासारखी ती सगळी बाईच्या पोटाखाली, आणि बुवा सीमेवर. काकाजींचं जेवणात लक्ष लागेना. ते उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून थेंब थेंब सोडत. माझा एक मोजा दोरीवरून नाहीसा झाला. शोधला तर तो बोडीतलं पाणी ओढून गाळणाऱ्या मोटरच्या तोंडाला रबराने आवळलेला.

"जिरे ओढल्या जाते ना मोटरीत," ते म्हणाले. "तुमचा मोजा बारीक इनीचा हाय. काकूचे लय जाड."

"विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तं तुम्ही हो म्हनल्या असत्या. मंग भांडाचं कायच्यावरून?"

पण खरी गंमत काकूंची झाली. आधी त्या लांबूनच बघत. मग झाडू मारताना थांबू लागल्या. मग एके दिवशी मी पाहिलं, काकाजी अंघोळीला गेलेले आणि काकू टाकीसमोर त्यांच्या खुर्चीत. मला पाहून उठल्या. "धूळ पुसून राहिली," म्हणाल्या. हातात फडकं नव्हतं.

आता काकाजींना आणखी एका शत्रूचा शोध लागला. जवळच्या बिरसी विमानतळावर विमान चालवायला शिकवतात. ती लहान विमानं आमच्या घरावरून घिरट्या घालत जात. घरघर आली की बुवा दचकून कुंडीत शिरे आणि जिरे विखरत. काकाजी गच्चीवर जाऊन आभाळाकडे मूठ दाखवत. "शिकून राहिले लेकाचे, माह्या जिऱ्यावरून!" मूठ दाखवून भागेना, तेव्हा एका रविवारी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून स्कूटरवरून थेट बिरसीला गेले, विमानांनी थोडं पलीकडून वळावं अशी विनंती करायला. फाटकावरच्या माणसाने ती शांतपणे ऐकून घेतली म्हणे. पाणीसुद्धा दिलं. मला त्या माणसाला भेटायची फार इच्छा होती.

ते तिकडे गेले आणि इकडे अनर्थ झाला.

मी वर वह्या तपासत होते. खालून काकूंची हाक आली, नेहमीची नाही, घाबरलेली. धावत गेले. बोडीत बुवा बाईच्या मागे लागला होता. तिला कोपऱ्यात रेटत होता, तिच्या शेपटीची झालर फाटली होती, आणि जिरे धुरासारखे सगळीकडे पांगले होते.

"काऊन करून राहिला हा असा?" काकू म्हणाल्या. "मघाशी तं चांगला होता!"

मी वर पाहिलं. वरचा थर रिकामा. चंदेरी मासळी एकही नाही.

"काकू, ते मासे कुठे गेले?"

काकूंनी पदराने हात पुसले. "त्यातल्या एका मेल्यानं माह्यासमोर दोन पोरं गिळली. मी कायले ठेवू त्याले? चाळणी घेतली अन् सारे काढले."

"काढून कुठे ठेवले?"

काकूंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. स्वयंपाकघरातून लसूण-मिरचीचा खमंग वास येत होता.

मला हसावं की रडावं कळेना. काकूंना मी स्कूटरवर ऐकलेली सगळी गोष्ट सांगितली, एकांताची, पहिल्या बाईची. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बाप्पा! मले तं वाटलं, पोरं वाचतीन." त्या खुर्चीत मट्‌कन बसल्या. "आता हा बाईले मारन. बाई गेली का पोरं गेली. मंग मशीन घेऊन काय करू मी, सांग?"

त्यांना मशीन नको होतं. पहिल्यांदाच मी त्यांना असं म्हणताना ऐकलं.

तिसरं कुणीतरी हवं होतं, आणि ताबडतोब. घरात या कामाचा अनुभव असलेली एकच व्यक्ती होती. मी टाकीसमोर गुडघे टेकले आणि तोंड काचेला चिकटवलं. डोळे वटारले, गाल फुगवले, कोपऱ्यातल्या काचेवर नखाने टिकटिक केली. बुवा थबकला. वळला. गलफडं फुगवून माझ्या नाकावर धावून आला आणि काचेला धडकला. मी तोंड सरकवलं, तो पाठोपाठ. थोड्या वेळाने बाईही कोपऱ्यातून निघाली आणि दुसऱ्या बाजूने माझ्या कानावर चाल करून आली. दोघं मिळून माझा समाचार घेऊ लागली. मला ते फार ओळखीचं वाटलं.

"हलू नोको," काकू म्हणाल्या. "पोरं जमा होऊन राहिली."

माझे गुडघे भरून आले, नाक चपटं झालं, पण जिरे हळूहळू बाईच्या पोटाखाली गोळा झाले. तेवढ्यात बाहेर स्कूटर वाजली.

काकाजी आत आले, मला पाहिलं, मग वरचा रिकामा थर पाहिला. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली. ते काकूंकडे वळले. काकूंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. आता या दोघांत जे होईल त्यापुढे दिवाळीचं भांडण म्हणजे ओवाळणी ठरेल, हे मला दिसत होतं.

"मी काढले," मी म्हणाले.

"काय?"

"मासे. मीच काढले. पिल्लं खात होते. दिले फेकून."

मग काकू खुर्चीतून उसळल्या. "मी सांगून राहिली होती तिले! नोको काढू म्हनून! पन ऐकन तं कसली!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी प्रत्यक्ष ऐकल्या. काकाजींनी धागा उचलला. माझी अक्कल, माझी शाळा, माझी डिग्री, माझा टॉवेल, काहीच सुटलं नाही. मीही दोन-तीन वेळा उलट बोलले, नाहीतर त्यांना संशय आला असता. बराच वेळ सूर जुळून चालला. मग दोघं दमली आणि काकू म्हणाल्या, "जेवा आता. तू बी बस. आज मासळी हाय, बाजारातली."

काकू वाढून भात आणायला आत गेल्या. काकाजींनी रश्श्यात बोट घातलं, त्यातली बोटाएवढी मासळी उलटी केली, सुलटी केली. आज्याच्या बोडीतली मासळी ते भिंगाशिवाय ओळखत.

त्यांनी ती अलगद उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. मग माझ्याकडे झुकून, ओठ न हलवता म्हणाले, "तिले नोका सांगू, मले समजलं म्हनून. उद्या सौंदडहून दुसरी आनतो. इतक्या वर्सांत पयल्यांदा तिनं माह्या बोडीत हात घातला, मॅडम. पोरं वाचवाले."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही.

आतून काकूंचा आवाज आला, "काय कुजबुज करून राहिले?"

"काही नाही!" काकाजी गरजले. "हिले झापून राहिलो!"

"झापा, झापा," काकू भाताचं पातेलं घेऊन येत म्हणाल्या. "माह्याकडून बी दोन शब्द सांगा तिले!"